मेंदूच्या नकाशातली दुरुस्ती

भंडारा जिल्ह्यात सिकलसेल म्हणजे काय हे फारसे समजावून सांगावे लागत नाही. ‘एएस’ म्हणजे वाहक आणि ‘एसएस’ म्हणजे रुग्ण, ही भाषा आशाताईंपासून शाळेतल्या गुरुजींपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पूर्व विदर्भातल्या या आजाराची वैद्यकीय नोंदही जुनी आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले होते. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि सात कोटी लोकांच्या तपासणीचे, २०४७ पर्यंत आजार हटवण्याचे उद्दिष्ट ठरले. पण या सगळ्या चर्चेत सांधेदुखी, रक्तक्षय आणि रक्ताच्या पिशव्या यांच्याविषयी जितके बोलले जाते, तितके मेंदूविषयी बोलले जात नाही. सिकलसेलमध्ये मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचा पुरवठा तुटून पांढऱ्या भागात छोटे डाग पडतात. त्यांना ‘सायलेंट इन्फार्क्ट’ म्हणतात. मुलाचा हात लुळा पडत नाही की बोबडी वळत नाही, फक्त अभ्यासात ते मागे पडू लागते आणि घरच्यांना वाटते पोरगं आळशी आहे. आफ्रिकी वंशाच्या एसएस मुलांमध्ये वयाच्या विशीच्या आत तिघांपैकी एकाहून अधिक जणांत असे डाग आढळतात. नियमित रक्त दिल्याने नवे डाग पडणे कमी होते, हे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने दाखवले. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकून राहते, म्हणून इथला आजार सौम्य, असे बराच काळ मानले जाई. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या बालरोग विभागाच्या अभ्यासांनी विदर्भापुरता तरी तो समज सैल केला. इथला आजार नेमका किती तीव्र हे ठाऊक नसताना परदेशातला आकडा उचलून भंडाऱ्यातल्या साकोली-लाखांदूरच्या मुलांना लावता येत नाही. मोजमाप इथेच करावे लागेल, आणि मोजायचे म्हटले की मोजपट्टी कोणती आणि ती कितपत सरळ, हा प्रश्न आलाच.

डाग मोजणे त्या मानाने सोपे. तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठा आणि दोन दिशांच्या प्रतिमांत दिसणारा डाग धरायचा, असा नियम ठरलेला आहे. पण नुकसान डागापुरते थांबत नाही. सिकलसेलग्रस्त मुलांच्या मेंदूचे बाह्यक, म्हणजे कॉर्टेक्स, काही ठिकाणी पातळ असल्याचे २००९ मध्ये दाखवले गेले. हा कॉर्टेक्स जागोजागी एक ते साडेचार मिलिमीटर, सरासरी अडीच मिलिमीटर जाड असतो. एमआरआयच्या चांगल्या त्रिमितीय स्कॅनमधला एक ठिपका, ज्याला व्हॉक्सेल म्हणतात, तोच मुळी एक मिलिमीटरचा असतो. म्हणजे जी गोष्ट मोजायची ती दोन-तीन ठिपक्यांएवढी आणि शोधायचा फरक एका ठिपक्याच्या अंशाएवढा. इतके बारीक काम डोळ्यांनी होत नाही, म्हणून ते सॉफ्टवेअरवर सोपवले जाते. हे संशोधनाचे काम आहे, हेही इथेच सांगितले पाहिजे. नागपूरला जाऊन काढलेल्या एमआरआयचा जो रिपोर्ट रुग्णाच्या हाती पडतो, तो रेडिओलॉजिस्टने स्वतः प्रतिमा पाहून लिहिलेला असतो. त्याचा या सॉफ्टवेअरशी संबंध नसतो.

या क्षेत्रात सर्वाधिक वापरले जाणारे सॉफ्टवेअर म्हणजे ‘फ्रीसर्फर’. अँडर्स डेल, ब्रूस फिशल आणि मार्टिन सेरेनो यांनी त्यामागची पद्धत १९९९ साली ‘न्यूरोइमेज’ या नियतकालिकातल्या दोन लेखांत मांडली. आज ते बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या मार्टिनोस केंद्रातून विनामूल्य मिळते. स्कॅन आत गेला की सॉफ्टवेअर आधी उजळपणा सारखा करते, म्हणजे पांढऱ्या भागाचा आकडा सगळीकडे ११० च्या आसपास आणते. मग कवटी आणि डोळे कापून टाकते, पांढरा भाग वेगळा काढते आणि त्याच्या कडेवर त्रिकोणांची जाळी चढवते. एका गोलार्धाच्या जाळीत साधारण सव्वा ते दीड लाख बिंदू असतात. ही झाली आतली रेघ. तीच जाळी बाहेर फुगवत करड्या भागाच्या, म्हणजे कॉर्टेक्सच्या, शेवटापर्यंत नेली की बाहेरची रेघ मिळते, आणि दोन्हींमधले अंतर म्हणजे जाडी. शेवटी जाळी गोलावर पसरून तिच्यावर भागांची नावे टाकली जातात. साध्या संगणकावर यात काही तास जातात, पूर्वी अख्खा दिवस जायचा. इतक्या लांबच्या साखळीत एक कडी निसटली की पुढच्या सगळ्या कड्या तिच्यावर बेतून काम करतात, आणि शेवटी बाहेर पडणारा आकडा मात्र दशांशचिन्हानंतर तीन घरांपर्यंत ठाम असतो. माझा मुद्दा याच ठामपणाबद्दल आहे. सॉफ्टवेअरने आखलेली रेघ हा एक दावा असतो आणि तो तपासून दुरुस्त करणे हे मोजमापाचेच काम आहे. त्याला मागाहून केलेली रंगसफेदी समजणे चूक.

यंत्र चुकते ते ठरावीक जागी चुकते, आणि चुकांचे कारण बहुधा समजण्यासारखे असते. मेंदूवरचे जाड आवरण, ड्यूरा, स्कॅनमध्ये करड्या भागासारखेच दिसते. जिथे ते मेंदूला खेटून असते तिथे बाहेरची रेघ ड्यूरालाही पोटात घेते आणि कॉर्टेक्स उगीच जाड भरतो. डोक्याच्या मध्यावरून जाणाऱ्या मोठ्या शिरेजवळ हे हमखास घडते. कानशिलाच्या पुढच्या टोकाला आणि डोळ्यांच्या वरच्या भागात हवेच्या पोकळ्यांमुळे प्रतिमा विस्कटते. तिथे पांढरा भाग मळकट दिसतो आणि आतली रेघ लवकरच मागे फिरते, एखादी घडीच्या घडी बाहेर राहते. तिसरा प्रकार जरा मजेशीर आहे. गोलार्धाचा पृष्ठभाग कितीही घड्यांचा असला तरी तो फुग्यासारखा सलग असतो, त्याला आरपार भोक नसते. पण दोन घड्या एकमेकींना चिकटून दिसल्या की जाळीत कपाच्या कानासारखी कडी तयार होते. सॉफ्टवेअर अशा कड्या आपोआप तोडते, पण कधी तोडायच्या ठिकाणी भरते आणि भरायच्या ठिकाणी तोडते. सिकलसेलच्या बाबतीत चौथा प्रकार सर्वांत महत्त्वाचा. पांढऱ्या भागातला डाग काळपट दिसतो, त्यामुळे सॉफ्टवेअर त्याला पांढऱ्यात धरत नाही. डाग कॉर्टेक्सच्या जवळ असेल तर धानाच्या बांधीचा धुरा फुटल्यावर पाणी जसे आत शिरते तशी रेघ त्या खड्ड्यात उतरते. या आजारात रक्त तयार करण्याचा ताण वाढल्याने कवटीच्या हाडातला मगजही फुगतो, तेव्हा कवटी कापण्याच्या टप्प्यावरही लक्ष ठेवलेलेच बरे. म्हणजे जो आजार मोजायचा तोच मोजपट्टी वाकवतो.

आता दुरुस्ती कशी होते ते जवळून पाहू. ‘फ्रीव्ह्यू’ नावाच्या खिडकीत स्कॅनचे काप एकामागून एक उघडतात आणि त्यांवर दोन रेघा दिसतात, आतली सहसा पिवळी किंवा निळी, बाहेरची लाल. पाहणारा पुढून मागे, मग वरून खाली, मग बाजूने असे तिन्ही दिशांनी जातो. एका कापात चूक वाटणारी जागा पुढच्या कापात बरोबर निघू शकते, म्हणून एकाच दिशेवर विसंबायचे नाही, हा पहिला धडा. लाल रेघ ड्यूरावर चढलेली दिसली की ब्रशने तिथले ठिपके पुसायचे. पुसलेल्या ठिपक्याची किंमत शून्य न होता १ होते, म्हणजे तो माणसाने पुसला आहे याची खूण राहते. पांढऱ्या भागातला डाग भरायचा असेल तर ठिपक्याला २५५ किंमत दिली जाते. मळकट जागी ‘कंट्रोल पॉइंट’ ठेवतात. हा ठिपका नक्की पांढऱ्यातला आहे, याला ११० धर आणि शेजाऱ्यांना त्यावरून जोख, असे सॉफ्टवेअरला सांगायचे. असे बिंदू थोडेच आणि पांढऱ्याच्या पोटात ठेवायचे असतात. काठावर ठेवले की रेघ फुगते. खरी गोम मात्र वेगळीच आहे. रेघ हाताने ओढायची मुभा नाही. माणूस फक्त पुरावा सुधारतो, मग सॉफ्टवेअर त्या टप्प्यापासून पुन्हा चालवायचे आणि रेघ त्यानेच आखायची. ती पुन्हा चुकली तर पुन्हा पाहायचे. एका स्कॅनला अर्धा तास पुरतो किंवा दिवस जातो. या कारागिरीचा प्रामाणिकपणा मला या एका बंधनात दिसतो.

याला पहिला आक्षेप असा की एवढ्या खटाटोपाने फरक पडतो कुठे? दुरुस्त केलेल्या आणि न केलेल्या निकालांची तुलना करणारे अभ्यास झाले आहेत, आणि काहींत दोन गटांमधल्या फरकाचा निष्कर्ष जवळपास तोच राहिला. हे खरे आहे आणि लपवण्याचे कारण नाही. ब्रिटनच्या बायोबँकेने एक लाख लोकांचे स्कॅन काढायचे ठरवले, ते एकेक करून हाताने दुरुस्त करा असे कुणी शहाणा म्हणणार नाही. पण चुका एकमेकींना खोडून काढतात हे तेव्हाच खरे, जेव्हा त्या दोन्ही गटांत सारख्या विखुरलेल्या असतात. २०१५ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना स्कॅनमध्ये मुद्दाम डोके हलवायला लावून दाखवले गेले की हालचालीने कॉर्टेक्स खोटाच पातळ आणि लहान मोजला जातो. मुले मोठ्यांपेक्षा जास्त हलतात आणि दुखणारे मूल निरोगी मुलापेक्षा जास्त. त्यात सिकलसेलचे डाग रेघेला आत ओढतात. म्हणजे चूक आजाराच्या बाजूनेच झुकलेली असते आणि नमुना कितीही वाढवला तरी ती जात नाही, उलट पक्की होते. शिवाय भंडारा-गोंदियासारख्या भागात होणारा अभ्यास पन्नास-शंभर मुलांचाच असणार. तिथे चार वाईट स्कॅन निकाल फिरवू शकतात. हालचालीने पूर्ण बिघडलेला स्कॅन दुरुस्तीनेही सुधारत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. कोणता टाकायचा हे ठरवायलाही तो कुणीतरी पाहावाच लागतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. माणसाचा हात लागला की त्याची इच्छाही लागते. रुग्णाचा कॉर्टेक्स पातळ निघावा असे मनात असेल तर पुसण्याचा ब्रश नकळत सैल फिरेल. यावर उपाय आहेत आणि ते नवे नाहीत. पाहणाऱ्याला स्कॅन रुग्णाचा की निरोगी मुलाचा हे कळू द्यायचे नाही, काही स्कॅन दोघांकडून स्वतंत्रपणे करून घ्यायचे, काही त्याच माणसाला महिन्याने परत द्यायचे, आणि नियम आधी लिहून ठेवायचे. डाग कितपत मोठा असेल तर पांढरा भरायचा, हे स्कॅन उघडल्यावर ठरवायचे नसते. राहिला प्रश्न यंत्राच्या निःपक्षपातीपणाचा. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी २०१२ मध्ये तेच स्कॅन फ्रीसर्फरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर आणि वेगवेगळ्या संगणकांवर चालवून पाहिले. आवृत्ती बदलली तेव्हा आकारमानात सरासरी ८.८ टक्के आणि जाडीत २.८ टक्के फरक पडला. माणूस मध्ये नव्हताच. उलट माणसाने १ लिहिलेला प्रत्येक ठिपका फाइलमध्ये राहतो, दुसऱ्याला तो उघडून वाद घालता येतो.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा: कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळे मोडीत काढेल. बॉनमध्ये तयार झालेल्या ‘फास्टसर्फर’ने २०२० पासून मेंदूचे भाग वेगळे करण्याचे तासांचे काम मिनिटांवर आणले आहे, आणि जाड कापांच्या साध्या स्कॅनवरूनही पृष्ठभाग आखणारी नवी साधने आली आहेत. आपल्या रुग्णालयांतले बहुतेक स्कॅन जाड कापांचेच असल्याने हे साधन मोहात पाडणारे आहे. पण काप जितका जाड तितका रेघेतला अंदाज जास्त, आणि अंदाज जितका गुळगुळीत तितकी चूक डोळ्यांत कमी भरते. फास्टसर्फर शिकले ते फ्रीसर्फरच्याच निकालांवरून. फ्रीसर्फरला भागांची नावे शिकवणारा २००६ चा नकाशा ४० मेंदूंवर माणसाने हाताने आखला होता. स्वयंचलित म्हणतो त्याच्या तळाशी कुणाचा तरी हात आहेच, फक्त ते मेंदू भंडाऱ्यातल्या लाखनी-पवनीच्या मुलांचे नव्हते. हैदराबादच्या आयआयआयटीने २०१९ मध्ये शंभर भारतीय प्रौढांवरून मेंदूचा नकाशा केला, तेव्हा भारतीय मेंदूची सरासरी लांबी, रुंदी आणि उंची पाश्चात्त्य नकाशापेक्षा कमी भरली. तोही नकाशा निरोगी प्रौढांचा. सिकलसेलग्रस्त विदर्भीय मुलाचा मेंदू यंत्राने पाहिलेलाच नसेल, तर तिथे यंत्राच्या हुशारीवर किती भरवसा टाकायचा?

उरतो तो गरजेचा प्रश्न. जिथे हायड्रॉक्सियुरियासारखे औषध वेळेवर मिळणे आणि रक्तपेढीत रक्त असणे हीच रोजची लढाई आहे, तिथे ठिपके पुसत बसायचे का? उपचार आणि मोजमाप यांत निवड करायची वेळ आली तर उपचारच आधी, यात मला शंका नाही. पण मुलांचे स्कॅन संशोधनासाठी काढायचे ठरलेच असेल, तर त्यांना त्या गडगडणाऱ्या नळीत झोपवून मिळवलेला आकडा वाकडा ठेवण्याचा अधिकार कुणाला नाही. खर्च म्हणाल तर फ्रीसर्फर फुकट आहे, फ्रीव्ह्यू त्याच्याचसोबत येते, आणि दुरुस्तीचे काम शिकायला जीवशास्त्राची पदवी, चांगली नजर आणि काही महिन्यांचा सराव पुरतो. भंडाऱ्यातल्या महाविद्यालयांतून अशी मुलेमुली दरवर्षी बाहेर पडतात. म्हणून विदर्भातल्या सिकलसेलवर मेंदूच्या एमआरआयचा अभ्यास आखणाऱ्यांना एवढीच विनंती: दुरुस्ती करणाऱ्यांचे वेतन प्रस्तावातच लिहा, आणि निकाल छापताना किती स्कॅन जसेच्या तसे घेतले, किती दुरुस्त केले आणि किती टाकून दिले, हे तिन्ही आकडे पहिल्याच तक्त्यात द्या.