हौशी मासेमारांची मंडळे आणि नदीसंवर्धन : लोणावळ्याच्या महाशीरापासून कावेरीपर्यंत

प्रस्तावना

नदीच्या संवर्धनाची चर्चा सुरू झाली की आपल्यासमोर शासन, स्वयंसेवी संस्था, शेतकरी व कारखानदार एवढेच घटक येतात. छंद म्हणून नदीत गळ टाकणारा माणूस या यादीत सहसा नसतो. आपल्याकडे मासेमारी हा एकतर भोई बांधवांच्या उपजीविकेचा विषय असतो किंवा सुट्टीतील रिकामपणाचा. तथापि गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला असता, नद्यांच्या रक्षणासाठी पदरमोड करणाऱ्या, पैसा उभा करणाऱ्या आणि प्रसंगी न्यायालयात जाणाऱ्या संस्थांमध्ये या हौशी मासेमारांच्या मंडळांचे स्थान फार वरचे आहे, असे दिसून येते. प्रस्तुत लेखात अशा मंडळांची कार्यपद्धती, त्यांचे निधिसंकलन आणि त्यांच्या हातून घडलेली एक मोठी चूक यांचे विवेचन केले आहे. या चुकीचा एक धागा महाराष्ट्रात, लोणावळ्याच्या तलावांपर्यंत येऊन पोहोचतो. म्हणूनच ती आपण समजून घेणे अगत्याचे आहे.

छंदातून निधी

प्रथम फ्लाय फिशिंग म्हणजे काय ते पाहू. पिसे, केस व रंगीत दोरा यांनी गळावर बांधलेली बनावट माशी पाण्यावर अलगद उतरवून मासा फसविण्याची ही पद्धत होय. माशीला स्वतःचे वजन जवळजवळ नसते, तिला वाहून नेते ती जड दोरी. या पद्धतीला स्वच्छ, वाहते पाणी लागते आणि त्या पाण्यात किडे-माश्या जगलेल्या असाव्या लागतात. साहजिकच नदी बिघडल्याची पहिली तक्रार हे लोक करतात. त्यांचा स्वार्थच नदीच्या आरोग्याशी बांधलेला आहे.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात ऑ सेबल नदीच्या काठी १९५९ मध्ये सोळा जणांनी एकत्र येऊन ‘ट्राउट अनलिमिटेड’ ही संस्था काढली. सभासदांची वर्गणी, स्थानिक शाखांची वार्षिक भोजने, त्यांत होणारे गळकाठ्यांचे व हाताने बांधलेल्या माश्यांचे लिलाव, सोडती अशा घरगुती मार्गांनी या चळवळीचा पैसा जमतो. त्याआधीच, १९५० च्या एका कायद्यान्वये, तेथे मासेमारीच्या साहित्यावर दहा टक्के उत्पादन शुल्क बसविण्यात आले व ती रक्कम मत्स्यसंवर्धनासाठी राज्यांना देण्याची तरतूद झाली. छंद करणाऱ्यानेच छंदाच्या आधाराची किंमत मोजावी, हे त्यामागील तत्त्व होते.

इंग्लंडमधील उदाहरण अधिक झणझणीत आहे. डर्बी शहराजवळ डरवेंट नदीत मासेमारीचे हक्क असलेल्या एका मंडळाने रेयॉनचा कारखाना, विद्युत प्राधिकरण आणि खुद्द डर्बीची नगरपालिका या तिघांना न्यायालयात खेचले. कारखान्याचे सांडपाणी, वीजकेंद्राचे गरम पाणी व शहराचा मैला यांमुळे मासे मेले, ही तक्रार होती. १९५२ मध्ये न्यायालयाने मंडळाच्या बाजूने मनाई हुकूम दिला. शहराची लोकसंख्या वाढली, आम्ही काय करणार, हा नगरपालिकेचा बचाव टिकला नाही. अशा दाव्यांना पाठबळ देण्यासाठी १९४८ मध्येच मासेमारांची एक स्वतंत्र संघटना तेथे स्थापन झालेली होती. आपल्या तालुक्याच्या गावांतील ओढ्यांची आजची अवस्था पाहता, हा निकाल मराठी वाचकाला परका वाटू नये.

कावेरीचा प्रयोग

भारतात या परंपरेचा केंद्रबिंदू महाशीर हा मासा आहे. एच. एस. थॉमस याने १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द रॉड इन इंडिया’ या ग्रंथाने महाशीराची कीर्ती इंग्रज अधिकाऱ्यांत पसरविली. १९४६ मध्ये म्हैसूरजवळच्या काबिनी नदीत व्हॅन इंगन यांनी १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा महाशीर पकडला. गळाने पकडलेल्या महाशीराचा हा विक्रम आजही सांगितला जातो. पुढे सुरुंग लावून मासे मारण्याचा प्रकार कावेरीत एवढा बोकाळला की मोठा महाशीर संपलाच, असे मानले जाऊ लागले. १९७७-७८ च्या सुमारास इंग्लंडहून आलेल्या तिघा मासेमारांनी तो अजून जिवंत असल्याचे दाखवून दिले.

बंगळूर येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया’ या संस्थेने कावेरीचा काही पट्टा शासनाकडून घेऊन त्याचे रक्षण सुरू केले. पुढे भीमेश्वरी, गालीबोरे व दोड्डमाकळी येथे मासेमारीची शिबिरे उभी राहिली. पद्धत साधी होती. बाहेरून येणारा मासेमार परवाना शुल्क भरी, नाचणीच्या पिठाचा गोळा गळाला लावून मासा पकडी, त्याचे वजन नोंदवी व मासा जिवंत परत सोडी. त्या पैशांतून राखणदारांचे पगार निघत. हे राखणदार व वाटाडे पुष्कळदा पूर्वी चोरटी मासेमारी करणारेच असत, आणि नदीचा प्रत्येक डोह त्यांना ठाऊक असे. ज्याच्या हातून हानी होत होती त्यालाच रक्षणाचा पगार द्यावा, ही युक्ती मला या साऱ्या प्रयोगातील सर्वांत शहाणपणाची वाटते.

लोणावळ्याची बोटुकली

आता महाराष्ट्राकडे वळू. दख्खनच्या महाशीराला शास्त्रीय नाव मिळाले ते पुण्याच्या मुळा-मुठेवरून. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आज तो ‘टॉर खुद्री’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या परांवर निळसर झाक असल्याने त्यास निळ्या परांचा महाशीर असेही म्हणतात. रायगड जिल्ह्यात काळ नदीवरील वाळणकोंड येथे वरदायिनी देवीच्या आश्रयाने महाशीर आजवर राखले गेले आहेत. ही लोकसंवर्धनाची आपली जुनी रीत होय.

टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी बांधलेल्या लोणावळा परिसरातील तलावांमध्ये १९७० च्या सुमारास मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी या माशाच्या कृत्रिम प्रजननास आरंभ केला. नर-मादी पकडून हाताने अंडी व वीर्य काढावयाचे, अंडी फलित करून वाहत्या पाण्याच्या तबकांत उबवावयाची, आणि मत्स्यजिऱ्यांपासून बोटुकलीपर्यंत पिल्ले वाढवावयाची, अशी ही प्रक्रिया. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांनी फलित अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानाने दूरवर पाठविण्याचे तंत्रही सिद्ध केले. पाण्याचे डबे वाहून नेण्याची कटकट त्यामुळे संपली. वळवणच्या या केंद्रातून अनेक राज्यांना महाशीराचे बीज गेले. पूर्वी धोक्यात गणली जाणारी ही जात आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत आता कमी चिंतेच्या वर्गात आली असून, २०२० मध्ये ती बातमी सर्वत्र प्रसिद्ध झाली.

याच केंद्रातील निळ्या परांची पिल्ले १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कावेरीत सोडली गेली. मासे कमी झाले आहेत, मासे सोडा, हा विचार त्या काळी सर्वांनाच सरळ वाटला. त्यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता.

वहीने काय सांगितले

गालीबोरे येथील शिबिरात मासेमारांच्या पकडीची वही नेमाने लिहिली जात असे. कोणी किती तास गळ टाकला, किती मासे लागले, वजन किती, एवढीच नोंद. एड्रियन पिंडर, राजीव राघवन व त्यांचे सहकारी यांनी १९९८ ते २०१२ या काळातील या नोंदींचा अभ्यास केला. २३,६२० तासांची मासेमारी आणि पकडून सोडलेले ६,१६१ महाशीर, एवढा ऐवज त्या वह्यांत होता. एकूण आकडा पाहता चित्र आशादायक होते, कारण महाशीरांची संख्या वाढत होती. परंतु नोंदी जातवार वेगळ्या केल्यावर दुसरेच चित्र समोर आले. वाढत होता तो निळ्या परांचा, बाहेरून आणलेला महाशीर. त्याचे सरासरी वजन घटत होते, म्हणजे नवी पिढी भरपूर येत होती. कावेरीचा मूळचा, पाठीला कुबड असलेला सोनेरी महाशीर मात्र संख्येने कमी होत होता, आणि जे सापडत ते आकाराने मोठे होत चालले होते. मोठे मासे सापडणे हे मासेमाराला सुखाचे लक्षण वाटते. येथे त्याचा अर्थ असा होता की, म्हातारे उरले आहेत आणि पिल्ले येत नाहीत.

आणखी विषाद वाटावा अशी बाब म्हणजे, ज्याच्यासाठी जगभरातून मासेमार येत होते त्या कुबडाच्या महाशीराचे शास्त्रीय नावही तोवर निश्चित नव्हते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाने तो ‘टॉर रेमादेवी’ असल्याचे ठरविले. या संशोधकांत पुण्याचे नीलेश डहाणूकर हेही होते. त्याच वर्षी ही जात अतिसंकटग्रस्त म्हणून घोषित झाली. धरणे, वाळूउपसा व सुरुंग ही कारणे आहेतच. बाहेरच्या महाशीराचा वाटा नेमका किती, हे आकड्यात सांगणे कठीण असले, तरी संशोधकांनी त्यास प्रमुख संशयितांत धरले आहे.

अमेरिकेत हाच अनुभव आधी येऊन गेला होता. मोंटाना राज्यातील मॅडिसन नदीत केंद्रात वाढविलेले ट्राउट सोडणे थांबविल्यावर नदीतील जंगली ट्राउट वाढले, असे डिक व्हिन्सेंट यांच्या अभ्यासातून आढळले. १९७४ मध्ये त्या राज्याने जंगली ट्राउट असलेल्या नद्यांत मासे सोडणे बंद केले. मासेमारांचा त्यास विरोध झाला, कारण दर वर्षी मासे सोडताना पाहण्याची त्यांना सवय होती.

कावेरीतील शिबिरांचा शेवट वेगळ्याच कारणाने झाला. नदीचा हा पट्टा अभयारण्यात असल्याने, पकडून सोडणे हीदेखील शिकारच, असा अर्थ लावला गेला व २०१२ मध्ये तेथील मासेमारी बंद झाली. कायद्याच्या शब्दाला धरून ते योग्य असेलही. मात्र परवाना शुल्काबरोबर राखणदारांचा पगार गेला आणि वहीही मिटली. त्यानंतर चोरटी मासेमारी वाढल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. बंदी घालणाऱ्याने राखणीची पर्यायी व्यवस्था आधी करावयास हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

मन्याडच्या काठी

अहमदपूर तालुक्यातून वाहणारी मन्याड पुढे कंधारकडे जाऊन मांजरेस मिळते. येथे परदेशी धर्तीचे मंडळ काढावे, असे मी सुचवीत नाही. जलाशयांतील मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो व त्यावर कुटुंबे चालतात. तेथे हौशी मंडळाने हक्क सांगणे अन्यायाचे होईल.

निधी उभारण्याची ताकद आपल्या जिल्ह्यात नाही, असेही नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच वर्षी ‘जलयुक्त लातूर’ चळवळीत लोकवर्गणीतून मांजरेच्या सुमारे १८ किलोमीटर पात्राचे खोलीकरण व रुंदीकरण हाती घेतले गेले. सामान्य माणसाने त्यात हात सैल सोडला. मात्र पात्र खोदण्यापूर्वी त्यातील उथळ खडकाळ जागा, जेथे अनेक मासे अंडी घालतात, कोठे आहेत हा प्रश्न अशा कामांत क्वचितच विचारला जातो. तहानलेल्या शहराला तो त्या वेळी विचारणे कठीणही असते.

आपल्या जलाशयांत दर वर्षी कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडली जाते. चिलापी तर न सोडताही सर्वत्र पोहोचली आहे. या सर्वांमुळे मरळ, वाम, शिवडा किंवा लहान खवल्यांचे काय झाले, हे सांगणारी मन्याडची वही कोणाजवळ आहे? प्राणिशास्त्र विभाग आणि राष्ट्रीय सेवा योजना यांनी मिळून ती सुरू करण्यास मोठा निधी लागणार नाही. तारीख, ठिकाण, जाळ्याचा प्रकार, लागलेला वेळ, माशाचे स्थानिक नाव, संख्या व वजन एवढे रकाने पुरेत. नोंद मात्र भोई बांधवांच्या सोबत, त्यांची पकड काठावर येते त्या पहाटेच्या वेळीच करावी लागेल, कारण माशांची नावे त्यांनाच ठाऊक आहेत. विद्यार्थ्यांना ती आधी शिकावी लागतील, आणि आपल्यालाही.