गुणवत्तेचं गणित (लेखांक ७) : आधी मापाचं माप

गेल्या आठवड्यात टॉलरन्सबद्दल बोललो. ड्रॉइंगवर मापाशेजारी जे अधिक-उणे लिहिलेलं असतं ते कुठून येतं, आणि डिझाइनवाले ते विनाकारण आवळून शॉपला कसे वेठीला धरतात, हे पाहिलं. आता पुढचा प्रश्न. टॉलरन्स ठरला, मायक्रोमीटर हाताशी आहे, तपासायला माणूस बसवला आहे. तरी आपण पास केलेला लॉट ग्राहकाकडे जाऊन नापास का होतो? भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत हा तंटा नवा नाही. पुरवठादार म्हणतो, आमच्याकडे माप बरोबर होतं. ग्राहकाचा इन्स्पेक्टर म्हणतो, आमच्याकडे नाही. आणि बहुतेक वेळा दोघंही खरंच बोलत असतात.

एक साधा नग घेऊ. २५ मिलिमीटर व्यासाची स्टीलची पिन, ड्रॉइंगवर ‘एच ७’ असं फिट दिलेलं. म्हणजे व्यास २४.९७९ ते २५.००० यांच्या मध्ये हवा. सगळी मिळून जागा २१ मायक्रॉन. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले एकवीस. आता ही पिन मोजायची कशानं? बऱ्याच छोट्या शॉपमध्ये सीएनसीशेजारच्या पत्र्याच्या टेबलावर एक मायक्रोमीटर पडलेला असतो, थोडं कूलंट लागलेला. त्याच्या स्क्रूची पिच अर्ध्या मिलिमीटरची, थिंबलवर ५० रेघा, म्हणून एक रेघ १० मायक्रॉनची. बघा, आपला सगळा टॉलरन्स दोन रेघांत संपला. टॉलरन्सच्या दहाव्या भागापर्यंत साधन वाचता आलं पाहिजे, हा या धंद्यातला जुना नियम. त्या हिशेबानं इथे दोन मायक्रॉन वाचणारं साधन लागेल. दहा मायक्रॉनच्या रेघांवर ही पिन तपासणं म्हणजे अंदाज बांधणं झालं. मुरलेला ऑपरेटर दोन रेघांच्या मधलंही नजरेनं वाचतो, हे मान्य. पण शिफ्ट संपली की ती नजर त्याच्याबरोबर घरी जाते.

समजा, एक मायक्रॉन दाखवणारा डिजिटल मायक्रोमीटर आणला. आता उन्हाळा आडवा येतो. लांबीची मापं २० अंश सेल्सिअसला धरायची, हे १९३१ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं. आयएसओचा पहिल्या क्रमांकाचा दस्तऐवज, १९५१ सालचा, याच एका आकड्याविषयी आहे. यावरून या गोष्टीचं वजन कळावं. स्टील मीटरमागे दर अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. एप्रिलमध्ये शॉपचं तापमान ३८ असेल, तर फरक १८ अंशांचा. पिन २५ मिलिमीटरची. गुणाकार केला की पाच मायक्रॉनहून किंचित जास्त येतात, म्हणजे टॉलरन्सचा चौथा हिस्सा.

यावर कुणी म्हणेल, मायक्रोमीटरही स्टीलचाच आहे, तोही तेवढाच तापला आहे. बरोबर. दोघंही सारखेच तापलेले असतील तर दोघांची वाढ बरीचशी एकमेकांत वजा होते. म्हणून नुसत्या उकाड्यानं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते नग आणि साधन वेगवेगळ्या तापमानाला असतात तेव्हा. टूलखालून नुकताच निघालेला गरम नग लगेच मोजला की मोठा भरतो. ऑपरेटर ऑफसेट देऊन माप उतरवतो. अर्ध्या तासानं तोच नग थंड होतो आणि लहान निघतो. नग ॲल्युमिनियमचा असेल तर आणखी पंचाईत, कारण ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. साधन तेवढंच तापलेलं असलं तरी हिशेब जुळत नाही. तिकडे ग्राहकाचा इन्स्पेक्टर वातानुकूलित खोलीत मोजतो. तंट्याचं एक मोठं मूळ इथे आहे, आणि त्यावरचा उपाय फुकटचा आहे: नग आणि साधन एकाच टेबलावर थोडा वेळ शेजारी ठेवा, मग मोजा.

मग हात. मायक्रोमीटरच्या शेपटीला रॅचेट असतो तो दाब दर वेळी सारखा पडावा म्हणून. तो टकटक वाजला की थांबायचं. पण घाईत रॅचेट सोडून थिंबलच पिळणारे किती तरी दिसतात, आणि पिळणाऱ्याच्या मनगटात जेवढा जोर तेवढा नग बारीक! आदल्या नगाची बुरी जबड्यात अडकलेली, पिन किंचित तिरपी धरलेली, झिरो सकाळी पाहिला की थेट दुसऱ्या दिवशी, हे सगळं त्या एका आकड्यात मिसळलेलं असतं. आकडा मात्र पडद्यावर तीन दशांशांपर्यंत ठणठणीत दिसतो. डिजिटल साधनाचा हा मोठाच दोष म्हणायला हवा. ते खोटं बोलत नाही, पण गरजेपेक्षा जास्त आत्मविश्वासानं बोलतं.

“पण आमच्या सगळ्या साधनांचं कॅलिब्रेशन झालेलं आहे,” हे ऑडिटमध्ये ठरलेलं उत्तर. हिरवं स्टिकर, पुढची तारीख, लॅबचा दाखला. त्याची किंमत कमी नाही. त्यामागे एक साखळी असते: शॉपमधला मायक्रोमीटर स्लिप गेजवर तपासला जातो, ते स्लिप गेज मान्यताप्राप्त लॅबमधल्या वरच्या दर्जाच्या गेजवर, आणि असं करत ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या मीटरपर्यंत पोचते. स्लिप गेज हा माझ्या मते कारखानदारीतला सर्वांत देखणा शोध. स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांनी १८९६ च्या सुमारास त्याची कल्पना मांडली. इतके सपाट स्टीलचे ठोकळे की स्वच्छ पुसून एकमेकांवर सरकवले की चिकटून बसतात, आणि मोजक्या ठोकळ्यांच्या जोड्यांतून हजारो मापं उभी करता येतात. पुढे १९२३ मध्ये हेन्री फोर्डनं योहान्सनना आपल्या कंपनीत बोलावून घेतलं.

पण स्टिकर सांगतं काय? लॅबमध्ये, जवळपास २० अंशांना, शिकलेल्या हातांनी, गुळगुळीत ठोकळ्यावर या साधनाची चूक किती आली, एवढंच. तुमच्या शॉपमध्ये, दुसऱ्या शिफ्टला, तेलकट पिनेवर, तीन वेगवेगळ्या हातांत ते किती भरकटतं, याबद्दल स्टिकर गप्प आहे. मोजणं हीदेखील टर्निंग-ग्राइंडिंगसारखीच एक प्रक्रिया आहे. तिलाही चढउतार असतात, आणि ते वेगळे मोजावे लागतात.

त्यासाठी वाहन उद्योगात जी पद्धत रुळली आहे तिला गेज आर अँड आर म्हणतात. दहा नग, तीन ऑपरेटर, प्रत्येकानं प्रत्येक नग दोन-तीनदा मोजायचा. नगावरचा नंबर ऑपरेटरला दिसता कामा नये, नाही तर तो आधीचं रीडिंग आठवून तेच सांगतो. लबाडीनं नव्हे, माणसाचा स्वभावच तो. एकाच माणसाची एकाच नगावरची रीडिंग आपसांत किती फिरतात आणि माणसागणिक किती फरक पडतो, यांचा एकत्र हिशेब करून तो पसारा टॉलरन्सच्या किती टक्के आहे ते काढायचं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. दहा ते तीस, तर कामाचं महत्त्व पाहून ठरवा. तिसाच्या वर गेला तर त्या मोजमापावर निर्णय घेऊ नका.

आपल्या पिनेवर हे लावू. समजा, मोजण्याचा पसारा अधिक-उणे चार मायक्रॉन निघाला. ऐकायला किरकोळ वाटतं. पण आठ भागिले एकवीस म्हणजे ३८ टक्के. याचा अर्थ, दोन्ही मर्यादांपासून आत चार-चार मायक्रॉन सोडल्यावर जी तेरा मायक्रॉनची पट्टी उरते, तिच्यातल्या रीडिंगबद्दलच आपण ठामपणे ‘पास’ म्हणू शकतो. काठावरचा नग आज पास, उद्या नापास, परवा पुन्हा पास. पुरवठादार आणि ग्राहक भांडतात ते याच काठावरच्या नगांवरून.

खेदाची गोष्ट ही की आपल्याकडे हा अभ्यास पुष्कळदा फाइलसाठी होतो. नवं काम मिळताना ग्राहक कागद मागतो, म्हणून सगळ्यांत चांगला मायक्रोमीटर, सगळ्यांत जुना ऑपरेटर आणि निवांत दुपार गाठून आकडा आणला जातो. तो आकडा कुणाच्या कामाचा?

याहून मोठं नुकसान मात्र मशीनवर होतं. मोजमापाचा पसारा माहीत नसला की प्रत्येक रीडिंग खरं वाटतं. तीन मायक्रॉन जास्त आलं, दे ऑफसेट. पुढचं दोन कमी आलं, काढ ऑफसेट. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग आपल्या वर्गांत यासाठी नरसाळ्याचा प्रयोग करून दाखवत. टेबलावर एक खूण, तिच्यावर धरलेलं नरसाळं, त्यातून सोडलेली गोटी. नरसाळं जागचं हलवलं नाही तर गोट्या खुणेभोवती एका मर्यादेत पसरतात. दर वेळी जेवढी चूक तेवढं नरसाळं उलट सरकवत गेलं, तर पसारा कमी होण्याऐवजी सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. हे गणितानं सिद्ध होतं. आमच्या शॉपमधला सगळ्यांत तत्पर सेटर कधी कधी सगळ्यांत जास्त नग बिघडवतो तो असा.

हात केव्हा लावायचा आणि केव्हा नाही, हे सांगणारा तक्ता वॉल्टर शूहार्ट यांनी १६ मे १९२४ रोजी वेस्टर्न इलेक्ट्रिकमधल्या आपल्या वरिष्ठांना एका पानाच्या टिपणातून दाखवला. हेच शूहार्ट १९४७-४८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून भारतात येऊन गेले. जपानमधली डेमिंग यांची गाजलेली व्याख्यानं त्यानंतरची, १९५० ची. संधी आपल्याला आधी मिळाली होती. पुढे काय झालं, तो वेगळा आणि फारसा सुखद नसलेला विषय आहे.

जाता जाता एक गैरसमज. जे मोजता येत नाही ते सांभाळता येत नाही, हे वाक्य डेमिंग यांच्या नावावर कॉन्फरन्स हॉलच्या भिंतींवर लावलेलं असतं. डेमिंग यांचं म्हणणं नेमकं उलटं होतं. असं समजणं ही महागात पडणारी भ्रामक समजूत आहे, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. आयुष्यभर आकड्यांत राहिलेल्या माणसाचं हे मत आहे.

शूहार्टचा तक्ता प्रत्यक्ष कसा काढायचा, ते पुढच्या लेखांकात पाहू. तोवर आपल्या शॉपमधले दहा नग उचला, त्यांच्यावर झाकता येतील असे नंबर टाका आणि तीन जणांकडून रोजच्याच मायक्रोमीटरनं, रोजच्याच टेबलावर, शिफ्टच्या ऐन गडबडीत मोजून घ्या. आकडा तिसाच्या वर आला, तर नव्या मशीनचं कोटेशन मागवण्याआधी त्या टेबलाची व्यवस्था लावा.