पदनाम आणि नातेनाम : कुंभकोणमच्या निमित्ताने

कावेरीकाठच्या कुंभकोणमने एकोणिसाव्या शतकात अनेक संस्थानांना मराठी दिवाण दिले. १८२८ मध्ये येथे जन्मलेले टी. माधवराव हे त्रावणकोर, इंदूर व बडोदा या तिन्ही संस्थानांचे दिवाण झाले. त्यांचे वडील रंगराव व चुलते वेंकटराव हेही त्रावणकोरचे दिवाण होते. ‘दिवाण’ हे शुद्ध पदनाम होय. ते धारण करणारा कोणाचा पुत्र वा पती, हे त्यातून कळत नाही आणि कोणी विचारीतही नाही.

स्त्रियांच्या अधिकाराला असे पदनाम सहसा लाभले नाही. त्रावणकोरमध्येच १८१० साली गौरी लक्ष्मीबाई सत्तेवर आल्या. १८१३ मध्ये पुत्र स्वाती तिरुनाळ जन्मास आले आणि त्या ‘राजप्रतिनिधी’ ठरल्या. कारभार तोच, करणारी व्यक्तीही तीच. नाव मात्र बदलले.

तंजावरचे उदाहरण अधिक बोलके आहे. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुरुष वारस न ठेवता निवर्तले, तेव्हा कंपनीने राज्याबरोबर खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी दावा लावला. मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला; १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. सार्वभौम सत्तेच्या कृतीत न्यायालयास हस्तक्षेप करता येत नाही, अशी त्यामागील भूमिका होती. या खटल्याच्या शीर्षकात एका बाजूस ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट इन कौन्सिल’ हे केवळ पदनाम आहे, तर दुसऱ्या बाजूस ‘कामाची बोय साहाबा’. दरबारात ज्या ‘बाईसाहेब’ या संबोधनाला वजन होते, त्याचे इंग्रज लेखणीखाली हे रूप झाले. अर्थात कामाक्षीबाईंचा मालमत्तेवरील हक्कही वैधव्याच्याच नात्याने सिद्ध व्हावयाचा होता, हे विसरता येत नाही.

हा प्रश्न केवळ राजघराण्यांचा नाही; तो मराठीच्या प्रत्ययव्यवस्थेत रुतलेला आहे. ‘पाटलीण’ म्हणजे पाटलाची पत्नी. ‘मास्तरीण’ म्हणजे शिकविणारी की मास्तरांची बायको, हे संदर्भावरून ठरवावे लागते. ‘राणी’ या शब्दातही हीच संदिग्धता आहे. ‘राजा’ या शब्दात ती नाही. शाळेत पुरुष शिक्षक ‘सर’ होतात, शिक्षिका ‘बाई’ राहतात. (प्रस्तुत लेखिकेस ‘बाई’ हे संबोधन प्रिय आहे, परंतु बैठकीच्या इतिवृत्तात ते येऊ नये, एवढीच अपेक्षा.) २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा पदनामाचे स्त्रीरूप काय असावे यावर चर्चा झाली. ‘पती’ म्हणजे स्वामी, हा मूळ अर्थ त्या चर्चेत पुष्कळदा मागे पडला आणि विनोद तेवढे पुढे आले.

कुंभकोणमच्या मराठी घरांना शेजारची तमिळ ऐकू येते. तिच्यातील आदरार्थी ‘अर्’ प्रत्यय स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो. त्यामुळे जयललिता ‘मुदलमैच्चर’च राहिल्या, पदनामास स्त्रीरूप द्यावे लागले नाही. त्यांचे बिरुद ‘पुरट्ची तलैवी’ मात्र एम. जी. रामचंद्रन यांच्या ‘पुरट्ची तलैवर्’वरून घडविलेले होते. आणि २०१३ मध्ये सरकारी स्वस्त भोजनालये निघाली, तेव्हा त्यांच्या पाटीवर यांतले कोणतेच नाव आले नाही. तेथे ‘अम्मा’ लिहिले गेले.