वाळवलेलं म्हणजे शिजवलेलं नव्हे : मांजरांचं फ्रीज-ड्राय खाद्य

मांजरांच्या खाद्याची रंगीत पाकिटं आता फक्त पुण्या-मुंबईत मिळतात असं राहिलेलं नाही. ऑनलाइन मागवली की वाशीम, कारंजा, रिसोडलाही घरपोच येतात. त्यांतल्या काही पाकिटांवर ‘फ्रीज-ड्राय’ लिहिलेलं असतं आणि काहींवर त्याच्याच शेजारी ‘रॉ’, म्हणजे कच्चं. हे खाद्य मांजराला द्यावं का, आणि द्यायचं तर कसं, हा आजचा विषय. मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो. गोठवून वाळवल्याने मांसातलं पाणी जातं. जंतू जातातच असं नाही.

हा विषय वाशीम जिल्ह्यात का घ्यायचा? फेब्रुवारी २०२५ मध्ये कारंजा तालुक्यातल्या खेर्डा (जिरापुरे) इथल्या एका पोल्ट्री फार्मवर काही दिवसांत ६,८३१ कोंबड्या मेल्या आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचं निदान केलं. त्याच्या थोडं आधी, डिसेंबर २०२४ मध्ये, नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले होते. कारण तेच, एच५एन१ विषाणू. आणि नागपूरला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात २०२५ च्या सुरुवातीला हा विषाणू थेट घरगुती मांजरांमध्ये सापडला. वाघ काय, बिबट्या काय, मांजर काय, कुळ एकच. या कुळाला हा विषाणू फार जड जातो. म्हणून कोंबडीचं कच्चं मांस मांजराच्या ताटलीत कोणत्या रूपात जातं, हा आपल्याकडे नुसता हौसेचा प्रश्न नाही.

आता फ्रीज-ड्राय म्हणजे काय ते पाहू. देवघरातली कापराची डबी उघडी राहिली तर वडी हळूहळू लहान होते. मात्र डबीत पाणी साचत नाही. घन पदार्थाची सरळ वाफ होते. बर्फाचंही असंच होऊ शकतं, फक्त त्यासाठी आजूबाजूच्या हवेचा दाब फार कमी करावा लागतो, नेहमीच्या दाबाच्या दीडशेव्या हिश्श्याहूनही कमी. कारखान्यात मांसाचे तुकडे शून्याखाली ३०-४० अंशांपर्यंत गोठवतात, बंद कपाटात ठेवून हवा खेचून घेतात आणि अगदी बेताची ऊब देतात. बर्फ वितळत नाही, त्याची वाफ होऊन निघून जाते. कच्च्या मांसात साधारण ७० ते ७५ टक्के पाणी असतं, ते शेवटी पाच टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली येतं. तुकडा आकाराने जवळपास तेवढाच राहतो, पण हातात घेतला तर थर्माकोलसारखा हलका लागतो.

आपल्या कुरडया, पापड किंवा बाजारातली सुकट उन्हात वाळतात. तिथे ऊन आणि वारा काम करतात, वास बदलतो, चव बदलते. फ्रीज-ड्रायमध्ये आच जवळजवळ नाहीच. त्यामुळे प्रथिनं फारशी बिघडत नाहीत, वास टिकतो आणि मांजरं ते आवडीने खातात. ही त्याची खरी जमेची बाजू आहे.

पण जी गोष्ट प्रथिनं सांभाळते, ती जंतूही सांभाळते. याचं उदाहरण कोंबडीपालन करणाऱ्यांना पुस्तकात शोधायला नको. राणीखेत, म्हणजे मानमोडीवरची लासोटा लस छोट्या बाटलीत कोरड्या वडीसारखी येते. ती फ्रीज-ड्राय केलेली असते आणि तिच्यातला सौम्य विषाणू जिवंत असतो. पाण्यात मिसळली की तो कामाला लागतो. माणसांची बीसीजी आणि गोवराची लसही अशीच बनते. प्रयोगशाळेत जीवाणू वर्षानुवर्षं जपून ठेवायचे असतील तरी हीच पद्धत वापरतात. म्हणजे ज्या तंत्राने आपण सूक्ष्मजीव मुद्दाम जगवतो, त्याच तंत्राने मांसातला साल्मोनेला किंवा बर्ड फ्लूचा विषाणू मरेल, असं गृहीत कसं धरायचं? काही मरतात, सगळे मरत नाहीत. पाणी नसल्यामुळे जीवाणू वाढत नाहीत, एवढंच. भिजवलं की ते पुन्हा वाढू शकतात.

परदेशातला अनुभवही हेच सांगतो. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात एक घरात राहणारं मांजर एच५एन१ने मेलं. त्याने खाल्लेल्या कच्च्या टर्की मांसाच्या खाद्यात तोच विषाणू मिळाला आणि ते खाद्य बाजारातून परत घ्यावं लागलं. ते खाद्य फ्रीज-ड्राय नव्हतं, गोठवलेलं होतं. पण मुद्दा लक्षात घ्या, थंडीने विषाणू मेला नव्हता. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने कच्चं कोंबडी-मांस वापरणाऱ्या पाळीव प्राण्यांच्या खाद्य-उत्पादकांना या धोक्याचा नव्याने विचार करायला सांगितलं.

मग मांजराला दूध-पोळीच बरी, असं कोणी म्हणेल. तसंही नाही. मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, आणि तो मिळतो मांसातून, विशेषतः काळजासारख्या अवयवांतून. दूध-पोळीत तो जवळजवळ नसतोच. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय सैल होऊन फुगतं, आणि टॉरिन दिल्यावर ते सुधारतं. टॉरिनअभावी दृष्टीही जाते. शिवाय बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध नीट पचत नाही.

पाकीट हातात आलं की तीन गोष्टी बघा.

पहिली, मांस आधी शिजवलेलं आहे का. काही कंपन्या शिजवून मग फ्रीज-ड्राय करतात. काही कच्च्या मांसावर प्रचंड दाब देऊन जंतू कमी करतात. यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर ते कच्चं मांस समजूनच हाताळा.

दुसरी, तो खाऊ आहे की पूर्ण आहार. नुसत्या चिकनच्या तुकड्यांत कॅल्शियम फार कमी असतं. पिल्लाला रोज तेवढंच दिलं तर हाडं ठिसूळ होतात. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० किलोकॅलरी लागतात. खाऊ त्याच्या एक दशांशात बसवायचा, म्हणजे असे तुकडे दिवसाला पाचेक ग्रॅम. ‘पूर्ण व समतोल आहार’ असं लिहिलेलं असेल तरच ते रोजचं जेवण.

तिसरी, पाणी. मांजर मुळात कोरड्या प्रदेशातल्या रानमांजराचं वंशज, आपणहून कमी पाणी पितं. आपला उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. त्यात कोरडं खाद्य पडलं तर लघवीचा त्रास वाढू शकतो, आणि बोक्याची लघवी तुंबली तर जिवावर बेततं. म्हणून एक भाग खाद्याला तीन भाग पाणी घालून भिजवा. उन्हाळ्यात भिजवलेलं अर्ध्या-पाऊण तासात संपलं नाही तर फेकून द्या. ताटली आणि हात साबणाने धुवा. मांजर स्वतः ठणठणीत दिसत असूनही साल्मोनेला बाहेर टाकू शकतं, आणि घरातलं लहान लेकरू त्याच मांजराला कुशीत घेऊन झोपतं.

श्रोत्यांचे काही प्रश्न आले, त्यांतले तीन घेतो.

घरच्या फ्रीजरमध्ये गोठवून उन्हात वाळवलं तर? नको. फ्रीजरमधून बाहेर काढलं की मांस आधी वितळतं, आणि वाळेपर्यंत तासन्‌तास कोमट राहतं. जीवाणूंना तेच हवं असतं. माश्या वेगळ्याच.

कच्चं फ्रीज-ड्राय पाकीट आधीच आणलंय, फेकायचं का? गरज नाही. तुकडे पाण्यात पूर्ण भिजू द्या, मग पाच-दहा मिनिटं खळखळ उकळा. आतपर्यंत ७० अंशांच्या वर उष्णता पोचली की बर्ड फ्लूचा विषाणू टिकत नाही. थंड झाल्यावर ते पाणीही मांजराला द्या, कारण टॉरिन पाण्यात उतरतं.

महाग पडतं, दुसरं काय देऊ? रोजचं जेवण म्हणून साधं पूर्ण आहार असलेलं खाद्य, आणि अधूनमधून उकडलेलं चिकन, थोडं काळीज. मीठ-मसाला, कांदा-लसूण, हाड नको. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून आपल्या रश्श्यातला तुकडाही देऊ नका. आणि गावात कोंबड्या मरत असतील आणि मांजराला ताप, धाप, डोळ्या-नाकातून पाणी किंवा झोकांड्या दिसल्या, तर उघड्या हातांनी न उचलता लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. त्याने काय खाल्लं होतं, हेही सांगा.