दोन पंख म्हणजे दुप्पट जोर नव्हे

कुरखेड्यात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं बांबूच्या कामट्यांचं विमान बांधत होती. वर-खाली दोन पंखांचं, जुन्या चित्रात असतं तसं. एकाने विचारलं, "सर, दोन पंख म्हणजे डबल जोर असते का जी?"

डबल नसतो. दोन पंख जवळजवळ असले की एकाभोवतीची हवा दुसऱ्याच्या हवेत ढवळाढवळ करते. खरा फायदा मजबुतीचा. एक कामटी दोन विटांवर ठेवून मध्ये पाण्याची भरलेली बाटली टांगली, तर कामटी धनुष्यासारखी वाकली. मग दोन कामट्या वर-खाली धरून मध्ये उभ्या काड्या लावल्या, तिरप्या सुतळ्या ताणून बांधल्या. तीच बाटली, तोच बांबू, पण जेमतेम हलला. विमानाच्या पंखातले खांब आणि तारा हेच काम करत. त्यामुळे पंख पातळ, हलके आणि आखूड ठेवता येत, विमान झटकन वळे आणि लहान मैदानात उतरे.

दुसरा गैरसमज लाकडाचा. दोन महायुद्धांच्या मधली ब्रिटिश लढाऊ विमानं लाकूड आणि कापडाची होती, असं सर्रास सांगतात. कापड खरं, लाकूड बहुतेक नाही. चांगलं सुकलेलं लाकूड पहिल्या महायुद्धात पुरेसं मिळालं नव्हतं, म्हणून १९२०च्या दशकात ब्रिटिश हवाई खात्याने धातूच्या सांगाड्याचा आग्रह धरला. १९३१ साली सेवेत आलेल्या हॉकर फ्युरीचा सांगाडा धातूच्या नळ्यांचा होता. वेग ताशी सुमारे ३३० किलोमीटर. सांगाड्यावर कापड चढवून 'डोप' नावाचं रसायन चोपडायचे. ते वाळलं की कापड ढोलकीच्या पुडीसारखं ताठ होई.

'ब्रिटिशांना एकपंखी विमान सुचलंच नाही' हे तर साफ चूक. नव्या लढाऊ विमानासाठीचं, एफ ७/३० या नावाने ओळखलं जाणारं सरकारी मागणीपत्रक बघा. चार मशीनगन, झपाट्याने चढाई, आणि रात्रीही वापरता यावं म्हणून उतरताना कमी वेग, अशा अटी होत्या. रोल्स-रॉइसच्या गॉसहॉक इंजिनावर सरकारची मर्जी होती. त्यातलं पाणी उकळू द्यायचं आणि वाफ पुन्हा थंड करून फिरवायची. कागदावर झकास, हवेत डोकेदुखी.

कंपन्यांनी काय काय करून पाहिलं! वेस्टलँडने वैमानिकाला पुढे, वरच्या पंखाच्याही पुढे बसवलं आणि इंजिन त्याच्या मागे ठेवलं. वरच्या पंखामुळे दिसत नाही, ही तक्रार जुनीच. मुंबईचे वैमानिक श्रीकृष्ण वेलिणकर पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, ज्या सॉपविथ डॉल्फिन जातीचं विमान उडवत होते, त्यात वैमानिकाचं डोकं वरच्या पंखातल्या चौकटीतून बाहेर निघे. वेस्टलँडने दिसण्याचा प्रश्न सोडवला, पण विमान ताशी ३०० किलोमीटरच्या आसपासच अडकलं. ब्लॅकबर्नच्या विमानाचे दोष जमिनीवर धावतानाच उघडे पडले. ते उडालंच नाही. ब्रिस्टलचं १२३ उडालं, पण हवेत स्थिर राहीना.

याच चढाओढीत एकपंखी विमानंही होती. त्यातलं एक रेजिनाल्ड मिचेल यांचं, म्हणजे पुढे स्पिटफायर घडवणाऱ्या माणसाचं. त्या सुपरमरीन २२४ चा वेग सुमारे ३६७ किलोमीटर, आणि चढताना इंजिन तापायचं. बाजी मारली ती ग्लॉस्टरने, हेन्री फॉलंड यांनी आपल्याच जुन्या गाँटलेटवरून सुधारत नेलेल्या दुपंखी विमानाने. त्यात वाफेचं नाटक नाही, हवेने थंड होणारं ब्रिस्टल मर्क्युरी इंजिन. पहिलं उड्डाण सप्टेंबर १९३४चं. हेच पुढे ग्लॅडिएटर झालं, वेग ४०० किलोमीटरच्या वर. माझ्या मते त्या घडीला हा निर्णय बरोबरच होता. नशीब मात्र खट्याळ: स्पिटफायर मार्च १९३६मध्ये उडालं आणि ग्लॅडिएटर स्क्वॉड्रनमध्ये पोचलं फेब्रुवारी १९३७ला.

राहता राहिली दुसऱ्या महायुद्धातली माल्टा बेटाची कथा. जून १९४०मध्ये 'फेथ', 'होप' आणि 'चॅरिटी' या तीनच ग्लॅडिएटरनी इटलीचं हवाई दल थोपवलं, असं सांगतात. प्रत्यक्षात खोक्यांत बंद असलेल्या नौदलाच्या ग्लॅडिएटरांपैकी तीनपेक्षा जास्त जोडली गेली होती. नावंही मागाहून चिकटली. वैमानिकांचं धाडस मात्र खरं.

कामट्यांचा प्रयोग घरी जरूर करा. सुतळी तेवढी ओढून बांधा, सैल राहिली तर दोन कामट्याही वाकतात.