पावातला जीव

‘यात अंडे नाही ना?’ एवढा एकच प्रश्न विचारून आपण पावाची लादी घरी आणतो. पीठ कशाने फुगले, हे सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या काकांनी मात्र विचारले होते, आणि उत्तर मिळाल्यापासून त्यांनी पावाला स्पर्श केला नाही.

यीस्ट ही एका पेशीची बुरशी होय. वडीच्या वा दाण्यांच्या रूपात दुकानात मिळते तेव्हाही ती जिवंत असते. एक ग्रॅम ताज्या यीस्टमध्ये सुमारे एक हजार कोटी पेशी असतात. पिठातील साखरेवर त्या कार्बन डायऑक्साइड वायू आणि थोडा मद्यार्क निर्माण करतात. वायू मैद्याच्या चिकट जाळ्यात अडकून पीठ वर येते. भट्टीत मद्यार्क बहुतांशी उडून जातो आणि यीस्ट मरते. नानखटाईचे असे नाही. ती फुलते ती सोड्याने किंवा बेकिंग पावडरने, म्हणजे निव्वळ रासायनिक क्रियेने. यीस्ट वर्ज्य मानणाऱ्यांनी तिला पावाच्या पंक्तीत बसवू नये. ‘पाव’ हा शब्द आपल्याकडे आला पोर्तुगीजांकडून, आणि गोव्यातील पोदेर तर पूर्वी पीठ आंबवण्यासाठी नारळाची माडीच घालीत, कारण तिच्यात यीस्ट आपोआप वाढलेले असते.

या बुरशीच्या अभ्यासाला चालना मिळाली ती एका व्यापाऱ्याच्या अडचणीतून. 1856 साली फ्रान्समधील लील शहरात बीटपासून मद्यार्क काढणाऱ्या एका कारखानदाराचा माल नासू लागला. त्याने लुई पाश्चर यांना गाठले. चांगल्या पिंपातील द्रवात पाश्चरना सूक्ष्मदर्शकाखाली गोलसर यीस्ट दिसले; नासलेल्या पिंपात काड्यांसारखे निराळेच सूक्ष्म जीव होते. आंबणे हे सजीवांचे कार्य आहे, हा त्यांचा पुढचा सिद्धान्त. 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवण्याची रीत बसवली. बिअरचा धंदा आपला नव्हे, पण एक गोष्ट व्यापारी वाचकांना सांगण्याजोगी आहे: कार्ल्सबर्गने ते यीस्ट इतर कारखान्यांनाही मोकळ्या हाताने दिले.

शुद्ध वाण हाती आले, आणि शंभर वर्षांनी त्याच्याकडून अगदी वेगळे काम करून घेता आले. मधुमेहावरील इन्सुलिन 1922 साली प्रथम रुग्णाला दिले गेले. पुढे अनेक दशके ते कत्तलखान्यातून आणलेल्या गाई-बैलांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. ज्या घरात कांदाही शिजत नाही, तेथील मधुमेही माणसालाही दुसरा इलाज नव्हता. 1982 मध्ये जिवाणूंकडून आणि 1987 मध्ये यीस्टकडून बनवलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले. माणसाचे इन्सुलिन घडवण्याची सूचना असलेले जनुक यीस्टच्या पेशीत बसवतात. पेशी त्याबरहुकूम कच्चे इन्सुलिन बाहेर सोडतात, मग पेशी वेगळ्या काढून ते शुद्ध करतात. कावीळ ‘ब’ची लसही 1986 पासून अशीच यीस्टमध्ये तयार होऊ लागली.

चीजचे उदाहरण तर रोजच्या खाण्यातले. दूध साकळण्यासाठी पूर्वापार वासराच्या जठरातील रेनेट वापरीत. त्यातले मुख्य विकर आता यीस्ट व इतर बुरशीकडून तयार करून घेता येते. तरी सगळ्या चीजमध्ये तेच असते असे नव्हे. परदेशी चीज घेताना वेष्टन वाचावेच.

यीस्टमध्ये जीव आहे, ही काकांची हरकत शास्त्राला धरूनच आहे. ती खोडून काढण्याचा माझा हेतू नाही. पण गेली काही वर्षे त्यांच्या फ्रिजच्या दारात इन्सुलिनची कुपी असते. ती यीस्टपासून बनते, हे परवा मी त्यांना भीत भीत सांगितले. ते बराच वेळ कुपीकडे पाहत राहिले.

‘म्हणजे गाईचे नाही ना?’

‘नाही, काका.’

‘बरे,’ म्हणाले, आणि त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली.