बारीक अंगातली चरबी

जालन्यात जनुक हा शब्द बियाण्याच्या दुकानातही कळतो. ‘महिको’ ही बियाणे कंपनी १९६४ साली इथेच उभी राहिली आणि २००२ मध्ये तिच्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बीटीचा हिशेब सरळ: एक जनुक, त्याचं एक प्रथिन, बोंडअळी खलास. (पुढे गुलाबी अळीने तोही बिघडवला, ते सोडा.) माणसाच्या चरबीला मात्र हा हिशेब लागू पडत नाही.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक फोटो छापून आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन, शेजारी-शेजारी. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, दोघांचाही २२.३. चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२!

बारीक अंगातल्या या चरबीची सुरुवात आईच्या पोटातूनच होते. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांची आणि त्यांच्या बाळांची मापं घेतली. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ ची. इथल्या बाळांचे दंड बारीक, पोट लहान. पण पाठीवर खांद्याच्या हाडाखालची कातडी चिमट्यात धरली, तर तिथली चरबी फारशी घटलेली नव्हती.

चरबी साठते ती मेदपेशीत. पीपीएआर-गॅमा हे जनुक जागं झालं, की कच्च्या पेशीची मेदपेशी होते. ती नुसती चरबी साठवत नाही. लेप्टिन हे संप्रेरक रक्तात सोडून ‘साठा पुरेसा आहे’ असा निरोप ती मेंदूला धाडते. लेप्टिनच्या जनुकातलं एकच अक्षर गळालेली नात्यातली दोन मुलं केंब्रिजच्या डॉक्टरांना १९९७ मध्ये सापडली. त्यातली मुलगी आठ वर्षांची आणि वजन ८६ किलो. पुढे लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाली, तशी तिची भूक आवरली.

अशी मुलं विरळाच. बाकीच्यांच्या बाबतीत प्रकरण गुंतागुंतीचं आहे. एफटीओ जनुकाचं लठ्ठपणाशी नातं २००७ मध्ये दिसलं आणि काही वर्षं संशय त्याच्यावरच राहिला. २०१५ मध्ये कळलं, की तिथला एका अक्षराचा बदल लांबच्या आयआरएक्स-३ आणि आयआरएक्स-५ या जनुकांना जास्त कामाला लावतो. मग घडत असलेली मेदपेशी ऊर्जा जाळण्याऐवजी साठवू लागते. याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे गिरिराज चांडक यांना २००९ मध्येच भारतीयांत दिसलं होतं, की एफटीओतल्या बदलांमुळे वाढणाऱ्या मधुमेहाच्या धोक्याचं सगळं खापर वजनावर फोडता येत नाही. त्यामुळे सडपातळ माणसानेही वजनकाट्यावर विसंबू नये. कमरेचा घेर मोजावा: पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० ही हद्द.

शिवाय आईचं खाणंपिणं आहेच. त्या सहा गावांत गरोदरपणी जिच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, तिचं मूल सहाव्या वर्षी इन्सुलिनला कमी दाद देत होतं. त्याच पाहणीतली मुलं-मुली मोठी झाली, तेव्हा २०१२ पासून त्यांना, स्वतः आई-बाप होण्याआधीच, बी-१२ च्या गोळ्या देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू झाला.